आईच्या कॉलेजातली जागा

अमेरिकेत एमएस करून मी पुण्याला परतले, लग्न झालं आणि नवऱ्याच्या रिफायनरीतल्या नोकरीमुळे आम्ही कुवेतला आलो. माझ्या व्हिसावर तेव्हा नोकरी करता येत नव्हती. तिथल्या एगैला भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी गणिताच्या शिकवण्या घ्यायला लागले आणि ती पदवी कपाटातच राहिली.

माझी मुलगी आणि तिची वर्गमैत्रीण दोघी माझ्याकडेच शिकल्या. मैत्रिणीचे वडील राजापूरकडचे. शुवैख या कारखान्यांच्या भागातल्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डर म्हणून आले आणि पुढे फोरमन झाले. तिची आई नर्स होती, घरात दोन पगार होते, म्हणून त्यांना हवल्लीत घर करून मुलीला जवळ ठेवता आलं. ही मुलगी माझ्या मुलीपेक्षा हुशार, असं माझी मुलगीच सगळ्यांना सांगायची. शिकवणी संपली की दोघी मला माझ्या अमेरिकेतल्या कॉलेजबद्दल विचारायच्या. तिथली लायब्ररी रात्रभर उघडी असते, हे त्या मैत्रिणीला फार आवडायचं. बारावीत दोघींनी तिथंच अर्ज केला.

अर्जात एक प्रश्न होता: कुटुंबातलं कुणी इथं शिकलं आहे का? मुलीनं माझं नाव लिहिलं. शाळेतल्या काउन्सेलर मला म्हणाल्या, "याचा फायदा होतो. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना ते थोडं झुकतं माप देतात." मला बरं वाटलं. इतक्या वर्षांनी ती पदवी घरात कुणाच्या तरी कामी येत होती.

निकाल रमजानात लागला. शाळा उशिरा भरत होती, त्यामुळे मुलगी सकाळी घरीच होती. तिला प्रवेश मिळाला. ती ओरडली, मला मिठी मारली, लगेच मैत्रिणीला फोन लावला आणि फोन ठेवून स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली.

"तिचं नाही झालं," ती म्हणाली. मग इंग्रजीत, "आई, वॉज इट मी, ऑर वॉज इट यू?"

"तूच गं. अभ्यास तू केलास."

"तिनं नाही केला?"

कॉलेज कारण सांगत नाही. तिला ते माहीत होतं, मलाही.

शुक्रवारी आम्ही हवल्लीला गेलो. मैत्रिणीच्या वडिलांनी दार उघडलं आणि माझ्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. "चांगलं झालं हो," ते म्हणाले. चहा आला. तो हातात धरूनच माझी मुलगी बोलून गेली, "काका, मला आईमुळे मिळालं असणार."

त्यांनी आपला कप खाली ठेवला. "असेल," ते म्हणाले. "हिचा पुण्याला अर्ज भरतोय. गल्फमधल्या कामगारांच्या मुलांसाठी तिथं वेगळ्या जागा असतात. ती जागाही बापामुळेच मिळायची. कुणाची पोरं कशी जातात, कुणाची कशी."

ते आम्हाला हलकं वाटावं म्हणून बोलले होते. पण आतल्या दाराशी उभी असलेली त्यांची मुलगी म्हणाली, "बाबा, मला त्या कॉलेजातच जायचं होतं."

एरवी ती इंग्रजीच बोलायची. त्या दिवशी मराठीत बोलली. तिच्या आईनं कप उचलले. निघताना मी त्या मुलीला जवळ घेतलं. तिनं घेऊ दिलं, एवढंच.

ती पुण्याला इंजिनीअरिंगला गेली, चांगली शिकते आहे. दोघी वाढदिवसाला बोलतात. पूर्वीसारखं रोजचं राहिलेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात माझ्या मुलीचा फोन आला. अर्जातला तो प्रश्न काढून टाका, अशी मागणी तिच्या कॉलेजातली काही मुलं करत होती. तिनं सही केली होती.

"मग तुझ्या पदवीचा कुणाला फायदा मिळणार नाही, आई. चालेल ना?"

"चालेल," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की गं."

ती हॉस्टेलच्या जेवणाबद्दल बोलत राहिली. मी ऐकत होते. फोन ठेवल्यावरही बराच वेळ मी उठले नाही. मी बरोबर तेच बोलले होते, तरी ती पदवी पुन्हा कपाटात गेल्यासारखं आत दुखत होतं, आणि ते तिला सांगण्यासारखं नव्हतं.