केशवने तांदूळ निवडले तेव्हा

पंधरवडा झाला. चौथीचा वर्ग चालू होता आणि पोलादपूरहून आलेल्या मोटारीचा कंडक्टर दारात येऊन उभा राहिला. "मास्तर, सकपाळांचा केशव गेला," एवढंच म्हणाला आणि मोटार सुटायची म्हणून निघून गेला. काविळीने आठ दिवसांत माणूस नेला. पोरांना पाढे म्हणायला लावून मी खिडकीशी उभा राहिलो... लहानपणी एका बाकावर बसलेला माझा मित्र चाळिशीही न गाठता, म्हातारा बाप मागे ठेवून गेला होता. पेपरात नाव छापून यावं असं केशवने काही केलं नाही. भातशेती केली आणि जत्रेच्या नाटकात बायकांची कामं केली. पण मुंबई-पुण्याची जी नाटकं मी पाहिली, त्यांत त्याच्या तोडीचा अभिनय मला दिसलेला नाही. मित्र गेला म्हणून हे लिहीत नाही, खरं आहे म्हणून लिहितो आहे.

पोलादपूरच्या वर, सावित्रीच्या काठाला आमचं गाव. चैत्रातल्या जत्रेला मुंबईकर यायचे आणि दुसऱ्या दिवशी नाटक व्हायचं, तेही ऊन उतरताच, कारण वरच्या वाडीतल्या बायकांना उजेडात चढण चढून घरी जायचं असे. त्या साली नाटक मी लिहिलं होतं. नवरा मुंबईला, त्याचं पत्र नाही, बायको वाट पाहते, असा विषय. शेवटच्या अंकात तिचं तीन पानांचं रडगाणं होतं आणि ते लिहिताना मी स्वतःच दोनदा रडलो होतो. दोन दिवसांवर नाटक आलं आणि नायिकेचं काम करणारा गडी तापाने आडवा झाला. तालमी पाहून पाहून सगळ्यांची भाषणं पाठ झालेला एकटा केशव. पण त्याला मिशी होती आणि आमच्याकडे बाप गेल्यावरच मुलगा मिशी उतरवतो. बाप हयात असताना ओठ भुंडा करायचा म्हणजे त्याचं मरण चिंतायचं. तरी केशव वडिलांना, म्हणजे आबांना, विचारायला गेला. आबा म्हणाले, "मी मेल्यावर काढ."

आबांनी उमेदीची बारा वर्षं मुंबईच्या गिरणीत काढली होती. त्यातली शेवटची कितीतरी वर्षं घरी चिठ्ठी नाही, चपाटी नाही. ते परत आले तेव्हा केशवची आई जाऊन वर्ष झालं होतं. बापलेक एका घरात जेवत, एका शेतात राबत, पण त्या गोष्टीवर दोघांत कधी शब्द निघाला नाही. सगळ्या गावाला हे ठाऊक होतं, मलाही होतं. तरी हा विषय घेऊन नाटक लिहिताना माझ्या डोक्यात ते आलं नाही, हे माझं शहाणपण.

मिशी लपवायला केशवने तोंडावर पदर धरला आणि दोन अंक निभावले. तिसऱ्या अंकात तो सूप घेऊन तांदूळ निवडायला बसला. दोन्ही हात सुपात, म्हणून पदर दातांत धरलेला. मग बोलणार कशाने? मी पडद्याआडून भाषण सांगत होतो, एकदा, दोनदा, शेवटी पहिल्या रांगेला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. केशव ढिम्म. एक खडा उचलायचा, पाहायचा, बाजूला ठेवायचा. वाटेवर कुणाची तरी चाहूल लागल्यासारखी त्याची बोटं मध्येच थांबली. मान वर नाही, डोळे वर नाहीत, नुसती बोटं थांबली... आणि थोड्या वेळाने पुन्हा चालू लागली. नाटक मंडळाचा सेक्रेटरी माझ्या कानाशी पुटपुटला, "नाटक हाय का निवडणं-टिपणं? लोक उठून जातील." कुणी उठलं नाही. पोस्टमन आला, त्याने नुसती मान हलवली. केशवने पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला. तो गेल्यावर निवडून ठेवलेले स्वच्छ तांदूळ पुन्हा सुपात ओतले आणि पहिल्यापासून निवडायला घेतले. मी वही मिटली. माझी तीन पानं त्याच्या एका मुठीत मावली होती.

नाटक संपलं तरी बायका घरी जाईनात. वरच्या वाडीची एक म्हातारी नारळ आणि तांदूळ घेऊन मंचाशी आली. तोवर केशवचा पदर सुटला होता, मिशी सगळ्यांसमोर होती. सेक्रेटरी म्हणाला, "आजी, तो बाप्या हाय." म्हातारी म्हणाली, "मला दिसतंय रे. मी तिची ओटी भरतंय." आणि तिने भरली. तिच्या मागे आणखी सातआठ जणींनी भरली. केशव लुगड्याचा ओचा पसरून, मान खाली घालून उभा होता. आबा प्रेक्षकांत होते, ते केव्हा उठून गेले ते मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या पडवीत चहा घेत होतो. आबा गोठ्यातून आले आणि उभ्यानेच विचारलं, "निवडलेलं तांदूळ पुन्ना निवडायची... ती?"

"होय. रोज," केशव म्हणाला.

आबा खांबाला धरून खाली बसले. मग म्हणाले, "पुढल्या साली मिशी काढ. मी हाय तवरच काढ. तोंड दिसूं दे लोकांना. तिचंच हाय."

त्यानंतर दर चैत्रात केशवने मिशी उतरवली आणि मी त्याच्यासाठी कमी कमी लिहायला शिकलो. तो संथ काम करायचा, इतका की नवख्याला वाटावं विसरला. पण त्या संथपणात माणूस आत काय काय गिळतो ते दिसायचं. जत्रेनंतर महाडच्या बाजारात ओळखीचे लोक त्याचा भुंडा ओठ पाहून हळहळायचे, "आबा कधी गेले?" वरंधचे एक पाहुणे तर दुखवट्याला घरी आले. त्यांना पाण्याचा तांब्या आबांनीच आणून दिला आणि पुढे वर्षभर ते सांगून हसत होते.

परवा तेराव्याला गेलो. पडवीत आबा बसले होते, ओठावर मिशी नव्हती. धाकट्यासाठी थोरला मिशी उतरवत नाही. भावकीतले दोघेजण त्यावरून कुरकुरत कोपऱ्यात बसले होते. मी आबांच्या शेजारी बसलो.

"रीत नाय, मास्तर, मला ठाऊक हाय," ते म्हणाले. "पर मी जिता असताना त्यानं काढली. लोक त्याला इचारायचं, आबा कधी गेलं." त्यांनी ओठावरून हात फिरवला. "आता मला इचारूं दे, कोण गेलं."