रिकाम्या कूलरचा आवाज

"दुसरं काय होऊ शकते, सांगा." हे म्हणताना साहेब कधी बसलेले नसत. सत्र न्यायालयाच्या व्हरांड्यात येरझारा घालत, कोटाचे एकच बटण लावत-काढत म्हणत, आणि समोरच्याने उत्तर दिले की ते खोडायला लगेच वळत. तारखेला ताटकळत बसायची पाळी तुमच्यावर आली असेल, तर असा एखादा सरकारी वकील तुम्हीही पाहिला असेल. मी त्यांच्या मागे पळायचे. नोकरी पोलिसाची, पण काम कोर्टातले: साक्षीदारांना समन्स पोचवायचे, तारखेला आणायचे आणि साक्ष होईपर्यंत सटकू द्यायचे नाही.

हा प्रश्न कोर्टापुरता नव्हता. एकदा त्यांच्या डब्यातली सांबारवडी, कोथिंबीर भरून तळलेली, गायब झाली. त्यांनी शिपायाला वगळले, मला वगळले, टायपिस्टला बराच विचार करून वगळले आणि शेवटी जाहीर केले की बायकोने ती दिलीच नव्हती. घरी फोन केला तर ती दिली होती. मग कोटाच्या बाहीला लागलेले तेल मीच दाखवले. चालता चालता साहेबांनी स्वतःच ती खाल्ली होती. ते पोट धरून हसले, पण संध्याकाळी जाताना म्हणाले, "पाहा ताई, सगळे वगळले आन् जो होता तोच राहून गेला." हे त्यांच्या मनातून पुढे कधी गेले नाही.

नागपुरातल्या नंदनवन वस्तीतली ती केस याच सुमाराला आमच्याकडे आली. भर पावसाळ्यात, दुपारी, एक तरुण बाई घरात मेली. नवरा म्हणाला, मी कळमन्याच्या बाजारात होतो, संध्याकाळी आलो तर तिने गळफास घेतलेला. डॉक्टर म्हणाले, गळा आधी हातांनी आवळलाय, लटकवलेय नंतर. कोणी पाहिले नव्हते. बाजारातल्या एका हमालाने नवऱ्याला दुपारीच निघताना पाहिले होते, पण बाजारातून निघणे म्हणजे घरी पोचणे नव्हे. तेवढी एक गोष्ट जुळत नव्हती, आणि तेवढ्यावर तो सुटला असता.

मेलेलीची आई दर तारखेला खाप्याहून यायची. तिला जावयाच्या फाशीचे, जन्मठेपेचे काही पडले नव्हते. गाव म्हणत होते की पोरीने जीव दिला, आणि ते तिला आतून खात होते. साहेब दिसले की ती एकच विचारायची, "साहेब, तिनं सोताहून जीव देला नाही, असं कोर्ट म्हणन ना?" साहेब तिला बसा म्हणत आणि स्वतः चालू लागत. मला त्यांचा राग यायचा. दोन शब्द बोलले असते तर काय बिघडले असते?

शेजारणीने पोलिसांना सांगितले होते की त्या दुपारी त्या घरात कूलर घरघरत होता. नागपूरकराला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. पाऊस लागला की आपण कूलरच्या गवती ताट्या काढतो, टाकी सुकवून ठेवतो. दमट हवेत त्याचा काडीचा उपयोग नाही, अंग नुसते चिकचिकते. मग रिकामा कूलर कशाला लावला? "आवाजासाठी," साहेब म्हणाले, आणि लगेच स्वतःलाच खोडले. आवाज काय, घरात शिरलेल्या चोरालाही हवा असेल. बटण तर कोणीही दाबेल. दुसरं काय होऊ शकते?

उन्हाळ्यातल्या एका तारखेला व्हरांड्यातला कूलर नुसता गुणगुणत राहिला, पाती हलेनात. शिपायाने जाळीतून काडी घालून पाती ढकलली, तेव्हा तो सुरू झाला. बाकावर बसलेली म्हातारी ते पाहून सहज बोलली.

"आमच्या जावयाचा कूलर असाच होता. काडी घातल्याबिगर चालेच ना. ते त्यालेच जमे. माह्या पोरीले त्याचा एक डाव करंट लागला, तवापासून हातच नाही लावे. त्याची वाट पाहत आम्ही दोघी मायलेकी घामानं भिजून बसो."

साहेब थांबले. त्यांना असे एका जागी उभे मी पहिल्यांदाच पाहिले.

"माय, हे पोलिसाले काहून नाही सांगितलं?"

"त्याईनं कूलरचं विचारलंच नाही, बापू."

तिने हे साक्षीत सांगितले, तेव्हा बचावाचे वकील उसळले. जबाबात हे नाही, आता पढवून आणले आहे. म्हातारी शांतपणे म्हणाली, ज्याच्या घरी कूलर राहते त्याले त्याची खोड माहीत राहते, त्यात पढवाचं काय? न्यायाधीशांनी मान खाली घालून लिहिले. कूलर त्यांच्याही घरी असणारच.

शेजारणीला तोवर मी खाली कॅन्टीनजवळ बसवून ठेवले होते, वर काय झाले याचा तिला पत्ता नव्हता. साहेबांनी तिला एवढेच विचारले, कूलर सुरू होण्याआधी काही ऐकू आले का? ती नाही म्हणाली असती तर सगळे तिथेच संपले असते.

"काडीची टकटक आली," ती म्हणाली. "ते तं रोजचंच होतं. म्हून सांगितलं नाही."

नवऱ्याला जन्मठेप झाली. म्हातारी व्हरांड्यात मोठ्याने रडली. खाप्याले जाऊन घरोघरी सांगतो, म्हणाली. साहेबांनी तिला पाया पडू दिले नाही. ती गेल्यावर ते पुन्हा चालू लागले, बटण लावत-काढत.

"ताई, दुसरं काही होऊ शकत नव्हतं ना?"

नाही सर, मी म्हटले.

"सांबारवडीच्या वेळीही आपण असंच म्हटलं होतं."

मी चिडले. माणूस गजाआड गेला आणि तुम्ही वडी काय घेऊन बसलात, असे तोंडावर बोलले. त्यांना राग आला नाही. ज्याला माणूस आत पाठवायचा आहे त्याला झोप येऊ नये, असे आज मला वाटते. तेव्हा नुसते पाय दुखत होते.

यंदा ऐन मे महिन्यात ते गेले. मी घरच्यांना भेटायला गेले तर खोली माणसांनी भरलेली, सगळे पदराने नाहीतर वर्तमानपत्राने वारा घेत होते. खिडकीत कूलर होता, नव्या ताट्या लावलेला. कोणीतरी बटणाकडे हात नेला, तशा त्यांच्या बायको म्हणाल्या, "राहू द्या. त्याईले चालत नव्हता. म्हणत, कूलर सुरू असला का शेजारी काय होऊन राहिलं, ते समजत नाही."

हात मागे आला. आम्ही तसेच घाम पुसत बसलो. शेजारच्या घरात कोणी भांडी लावत होते, मग एक बाई कशावर तरी हसली. आम्हाला सगळे ऐकू येत होते.