मिश्रीच्या आधी

मी सकाळी शिरूरहून इनामगावला जाऊन बायकांची थुंकी गोळा करायचे. ताणाचं हार्मोन थुंकीत मोजता येतं आणि आमचं संशोधन डिप्रेशनवर होतं. उठल्याबरोबर, चहा आणि मिश्रीच्या आधी नळीत थुंकायचं, एवढाच नियम होता.

एका घरी सून थुंकायची आणि सासू दाराशी बसून, काळं झालेलं बोट दातांवर फिरवत, माझ्याकडे बघायची.

"एवढं शिकून थुंकी उचलतीस व्हय गं?" ती रोज विचारायची. "आन् हिला कसला आलाय ताण? दोन टाइम खाती, मोबाइल बघती."

मला उत्तर इंग्रजीत सुचायचं, म्हणून मी नळीवर तारीख लिहायला घ्यायचे.

शेवटच्या दिवशी सून नळी देऊन गोठ्यात गेली. म्हातारी नुसतीच बसली होती. बोट स्वच्छ होतं.

"आज मिश्री नाही, आजी?"

"न्हाई लावली." तिनं गोठ्याकडे बघून आवाज खाली आणला. "एखादी नळी उरली आसंल तर दे. हिला सांगू नगंस, लई हसंल."

मी नळी दिली. पदराआड तोंड नेऊन ती बराच वेळ थुंकत राहिली. मग नळी उजेडात धरून म्हणाली, "मावंना गं. धनी गेल्यापास्नंचं हाय."