वहीतली बायो

ही गोष्ट आजपर्यंत माझ्या तोंडातून बाहेर पडलेली नाही. कॉलेजातल्या सरांना सांगायला दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा दुसरंच काहीतरी विचारून परत आलो. घरी सांगितली असती तर वडील काय म्हणाले असते ते मला माहीत आहे. म्हणूनच सांगितली नसेल. तुम्ही मला ओळखत नाही, एवढ्याच धीरावर लिहितो आहे.

आमचं घर मालवणजवळ तोंडवलीला. वडील रापणीवर जातात. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, दोन्ही बाजूंच्या दोऱ्यांना पंधरा-वीस माणसं लागतात. आमच्याकडे रीत अशी की जाळं वाळूला लागायच्या आत ज्याने दोरीला हात लावला, त्याला माशांचा वाटा मिळतो. काही जण मुद्दाम शेवटी धावत येऊन हात लावतात. वडील त्यांना काही बोलत नाहीत. मला एकदा म्हणाले होते, "शेवटाक धरललो हात माशाक कळना नाय रे. माका कळता."

हे आधीच का सांगतोय? पुढे लागेल.

घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. दोन हजार पाच साली बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो, विषय प्राणिशास्त्र. प्रकल्पासाठी मी बायोला निवडलं. बायो म्हणजे माकडीण. सुरूच्या बनामागे पर्यटकांसाठी खोल्या होत्या, तिथे एका पिंजऱ्यात ती राहायची. तिची आई विजेच्या तारेला लागून मेली, तेव्हा खोल्यांच्या मालकांनी पिल्लू ठेवून घेतलं. बायो हे नाव तिथल्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या शेवंतीमावशीने ठेवलेलं. पिंजरा एवढा, की मी आत उभा राहून हात पसरले असते तर दोन्हीकडच्या जाळीला लागले असते. खाली सिमेंट. चार वर्षं एकटी. दिवसभर ती डावीकडून गोल गोल फिरायची, आणि थांबली की डाव्या हाताचे केस उपटायची. मनगटापासून कोपरापर्यंत हात उघडा पडला होता.

पिंजरा मोठा करणं माझ्या हातात नव्हतं. आत तिला करायला काहीतरी द्यायचं, आणि त्याने तिचं फिरणं, केस उपटणं कमी होतं का, ते रोज एक तास बसून वहीत लिहायचं — चाळीस दिवस. मी सुंभाचे दोर बांधले, उंचावर बसायला फळी ठोकली, वर झावळ्या घातल्या. दोन करवंट्या तोंडाला तोंड लावून बांधायच्या, नारळाच्या डोळ्याचं भोक थोडं मोठं करायचं आणि आत चणे घालायचे. सर म्हणाले होते, रोज नवीन काहीतरी दे. तीच वस्तू रोज मिळाली तर तिचं त्यातलं लक्ष उडेल.

पहिल्या दिवशी बायोने बोट घालून, हलवून, कानाशी नेऊन ती करवंटी तासभर सोडली नाही. एकही फेरी नाही. दोन आठवड्यांत हातावर बारीक लव दिसायला लागली. हे खरं आहे. वहीतली पहिली सतरा पानं खरी आहेत.

मग रापणीचे दिवस आले. वडिलांबरोबर जावं लागलं, पाच-सहा दिवस. असं वाटतं की सगळे चुकलेले दिवस रापणीचेच होते असं लिहावं. पण तसं नव्हतं. बाकीचे दिवस मी नुसताच गेलो नाही. कंटाळा आला होता. मालवणात मित्रांबरोबर एस.टी. स्टँडवर बसून राहायचो. मधे एकदा गेलो तर शेवंतीमावशी मासे साफ करत होती. मान वर न करताच म्हणाली, "काय रे शास्त्रज्ञा, चार दीस खंय होतंस? बायो वाटेक डोळे लावन बसलली."

परीक्षा होती, असं मी सांगितलं. नव्हती.

"वही भरतली तुझी," मावशी म्हणाली. "हिचो दीस कसो भरतलो?"

वही मी घरी बसून भरली. तेवीस पानं. एका रविवारी. बायो कमी फिरते, मग फिरतच नाही, केस उगवतात, पूर्ण उगवतात. काहीच अडलं नाही. लिहिताना मला बरंसुद्धा वाटत होतं. वडिलांनी ती वही हातात घेऊन पानं उलटली होती. वाचता येत नाही त्यांना. "रोज जातंस मां?" एवढंच विचारलं. मी मान हलवली.

शेवटच्या पानावर जागेच्या मालकांची सही हवी होती, म्हणून चाळिसाव्या दिवशी वही घेऊन गेलो. रिकाम्या हाताने जायला लाज वाटली, म्हणून एक करवंटीही नेली, शेवटी धावत येऊन दोरीला हात लावावा तशी. मी ती आत ठेवली, आणि थोड्या वेळात वनखात्याची गाडी आली. कुणा पर्यटकाने तक्रार केली होती. गाडीत रिकामा पिंजरा होता. दुसऱ्या जिल्ह्यात अशा माकडांसाठी जागा होती — मोठं कुंपण, झाडं, आणि दुसरी माकडं. साहेब म्हणाले, जनावराची अवस्था वाईट असेल तर आजच नेतो.

मालकांनी माझी वही पुढे केली. "बघा साहेब, कॉलेजचा मुलगा रोज येऊन अभ्यास करतो." साहेबांनी पानं चाळली. पिंजऱ्याकडे पाहिलं. बायो करवंटीत बोट घालून बसली होती, शांत, अगदी वहीत लिहिल्यासारखी. पण माझ्या न जाण्याच्या दिवसांत तिचा हात आता खांद्यापर्यंत उघडा झाला होता. तो लपणार कसा?

"हाताला काय झालं?" साहेबांनी विचारलं. मालकांना नाही, मला.

मावशी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती बोलली असती तर तिचं काम गेलं असतं. माझं काय गेलं असतं? एक प्रकल्प.

"जुनं आहे साहेब," मी म्हणालो. "आता केस येतायत."

"रोज येतोस?"

"हो. रोज."

त्यांनी वहीत लिहिलं — प्राणी सुस्थितीत. खाली सही केली. मावशी आत निघून गेली. त्यानंतर ती माझ्याशी बोलली ती एकदाच.

प्रकल्पाला बक्षीस मिळालं. पुढच्या प्रवेशाच्या मुलाखतीत मी बायोबद्दलच बोललो, चांगलं बोललो, आणि प्रवेश मिळाला. आज मी एम.एस्सी. झालो आहे ते त्या वहीवर. करवंटी घेऊन मात्र पुन्हा कधी गेलो नाही. तिसऱ्या वर्षी दिवाळीला घरी आलो तेव्हा शेवंतीमावशी वाटेत भेटली. टोपली खाली न ठेवता म्हणाली, "बायो पावसात गेली. तुझी ती करवंटी शेवटपर्यंत सोडूक नाय. रिकामीच होती. तरी बोट घालून बसायची."

कारणं लिहायला घेतली होती. खोडली.

वही माझ्याकडे आहे. चाळिसाव्या पानावर तीन सह्या आहेत — मालकांची, साहेबांची, माझी. त्या दिवसाची नोंद मी आदल्या रविवारीच लिहून ठेवलेली होती, म्हणून एक गोष्ट तीत नाही. वनखात्याची गाडी सुरूच्या बनातून वळली तेव्हा करवंटीतले चणे संपले होते. बायोने ती खाली ठेवली, उठली, आणि डावीकडून फिरायला लागली.