शनिवारचा पदर

शनिवारी दुपारी मी चर्चमध्ये माइकची वायर जोडत होतो. रविवारी दाराबाहेर काढतो त्या चपला आज पायातच होत्या. चर्च झाडणाऱ्या रूथमावशी आल्या. वेदीजवळ पोचताच त्या थांबल्या, डोक्यावरून पदर घेतला, क्षणभर डोळे मिटले आणि मगच झाडू लागल्या.

"मावशी, आज कोणीच नाही इथं. पदर कशाला?"

"कोणीच नाही?" त्यांनी वळून पाहिलं. "मग मी झाडते कोणासाठी?"

आजवर मी देवाचं पावित्र्य उपासनेच्या घंटेबरोबर सुरू होतं आणि शेवटच्या आशीर्वादाबरोबर संपतं, असंच धरून चाललो होतो. त्याच्याच घरात उभं राहून म्हणालो, कोणीच नाही!

वायर खाली ठेवली. बाहेर जाऊन चपला काढल्या आणि पुन्हा आत आलो. पायांना फरशी गार लागली. आता वार कुठलाही असो, असाच येणार.