विहिरीखालच्या वावराची माती

बॉल खाली पडला आणि तिथंच बसला.

मी तो पुन्हा उचलला, काठीवरच्या खुणेपाशी धरला आणि सोडला. थप्प. उसळला म्हणावं तर घोट्याएवढा. याला आमच्याकडे बाउन्स टेस्ट म्हणतात. ठरावीक उंचीवरून फुटबॉल सोडायचा आणि तो किती वर येतो ते पाहायचं. चांगल्या मैदानावर तो गुडघ्याच्या वर तरी येतो. इथं आदल्या दिवशी पाणी मारलेलं होतं, त्यामुळे शेणाच्या पोवर टाकल्यासारखा चिकटला. आणि जिथं पाणी पोचलं नव्हतं, तिथल्या भेगेत माझा हात मनगटापर्यंत गेला.

"मॅडम, गवत लागलं की ठीक होईल ना?" नंदूभाऊंनी विचारलं.

"होणार नाही," मी म्हटलं.

मी मैदानं तयार करते. अकोल्याला शेतीचं शिक्षण झालं, पण जन्म गेला तो खेळाच्या मैदानांवर. कुठलं गवत, कुठली माती, पाणी कुठून जाणार, हे माझं काम. लोक मला बहुतेक वेळा सगळं करून झाल्यावर बोलावतात. इथंही तसंच झालं होतं. रोलरसुद्धा फिरवून झाला होता.

नंदूभाऊ म्हणजे या महिला फुटबॉल क्लबचे मालक. नांदगाव पेठेला त्यांचं कापडाचं युनिट आहे. माणूस दिलदार, पण घाईचा.

मी दुसरी टेस्ट लावली. एक लोखंडी कडं जमिनीत अर्धं ठोकायचं, त्यात पाणी ओतायचं आणि ते किती वेळात मुरतं ते पाहायचं. पाणी ओतलं. आम्ही चहा प्यायलो. नंदूभाऊंचे दोन फोन झाले. पाणी होतं तिथंच होतं, वर एक माशी पडली होती.

"ही माती आणली कुणी?" मी विचारलं.

"तेच तर लफडं आहे," ते म्हणाले.

आता क्लबचा इतिहास थोडा सांगावा लागेल. सुरुवात अकोल्यात झाली. पीटीच्या एका बाईंनी पोरी गोळा केल्या. पहाटे कॉलेजच्या ग्राउंडवर एका बाजूला पोलीस भरतीची पोरं धावायची, दुसऱ्या बाजूला या फुटबॉल खेळायच्या. निम्म्या जणींच्या घरी त्या पोलीस भरतीचीच तयारी करतात असं माहीत होतं. अमरावतीतही अशीच एक टीम होती, आणि दोघींचं एकमेकींशी अजिबात पटायचं नाही. पण दर उन्हाळ्यात पोरींची लग्नं लागली की दोन्हीकडे अकरा जणी भरेनात. शेवटी भांडण बाजूला ठेवून दोन्ही टीम एक झाल्या. पुढे नंदूभाऊंनी क्लब हातात घेतला आणि तो व्यावसायिक झाला. म्हणजे पोरींना कॉन्ट्रॅक्ट, महिन्याचा पगार, फिजिओ आणि अमरावतीत होस्टेल.

सगळं आलं, मैदान तेवढं आलं नाही. लीगमध्ये प्रत्येक क्लबचे काही सामने 'होम' असतात, म्हणजे आपल्या गावात, आपल्या लोकांसमोर. यांचे होम सामने परक्या शहरात, भाड्याच्या मैदानावर व्हायचे. प्रेक्षक यायचे ते समोरच्या टीमसाठी ओरडायला. कॅप्टन रुपाली ही पहिल्या अकोल्याच्या टीममधली. तिनं मला एकदा सांगितलं होतं, "मॅडम, आजवर आमच्या घरच्या एका माणसानं मले खेळताना पायलं नाही."

आणि आता लीगनं कळवलं होतं, या सीझनला स्वतःचं मैदान दाखवा, नाहीतर लीगमधली जागा सोडा. ती जागा घ्यायला दुसऱ्या शहरातली पार्टी तयारच बसली होती. त्यांना जागा हवी होती, पोरी नको होत्या. तिशीला आलेल्या रुपालीला तर कुणीच घेतलं नसतं.

नंदूभाऊंनी अमरावतीच्या बाहेर जमीन लीजवर घेतली आणि पालकांच्या बैठकीत भाषण ठोकलं की मैदान सगळ्यांचं आहे, प्रत्येक घरचा हात लागला पाहिजे. त्यांच्या मनात श्रमदान होतं. पण वऱ्हाडात शेतकऱ्याला असं काही सांगितलं तर तो काय देईल? त्याच्याकडचं सगळ्यात चांगलं देईल. देवळाच्या कामाला द्यावं तसं लोकांनी आपापल्या वावरातली काळी माती आणली. ट्रॉलीला हळद-कुंकू लावून, नारळ फोडून. रुपालीचे वडील वासुदेवराव हिवरखेडकडचे. पोरीनं पोलीस भरती सांगून फुटबॉल केला म्हणून त्यांनी तिच्याशी बरेच दिवस बोलणं टाकलं होतं. त्यांनीसुद्धा विहिरीखालच्या वावरातली माती ट्रॅक्टर भरभरून पाठवली.

आणि अख्ख्या वऱ्हाडात फुटबॉलला त्याहून वाईट माती सापडली नसती. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की फाटते. कापसाला ती सोनं आहे. खेळणाऱ्या पोरीच्या गुडघ्याला मात्र नाही. पावसात बुटाला ढेकूळ चिकटणार, उन्हात भेगेत पाय अडकणार. फुटबॉलला पाणी झटकन खाली सोडणारी जमीन लागते. खाली मुरूम आणि खडी, वर वाळू, त्यात नावापुरती माती.

"सगळी काढावी लागेल," मी म्हटलं.

नंदूभाऊंनी कपाळाला हात लावला. "मॅडम, त्यांची माती काढली तर ते पोरी काढतील."

मी म्हटलं, बोलावा सगळ्यांना, मी समजावते.

तर मैदानाच्या कडेला मंडप घालून बैठक झाली. मी नेहमीची तयारी करून गेले होते. काचेच्या बरण्यांत वेगवेगळी माती, वरून पाणी, कुठली किती सोडते ते दाखवायचं. शहरात हे फार चालतं. इथं लोक शांतपणे बघत होते, मला वाटलं पटतंय. आणि बोलता बोलता मी म्हणून गेले, "ही माती खराब आहे, ती काढावी लागेल."

झालं. मंडपात कुजबुज सुरू झाली. वासुदेवराव उठले. उंच माणूस, आवाज मात्र खालचाच.

"बाई, त्या मातीनं चार पोरी शिकवल्या. माह्या बापानं पोटाले चिमटा घेऊन ते वावर सांभाळलं. तुमी तिले खराब म्हनता?"

"काका, खेळासाठी म्हणते मी."

"माती खराब, तं तिच्यावर वाढलेली पोट्टी कशी चालते तुमाले?" ते रुपालीकडे वळले. "चाल. बॅग भर."

रुपाली खेळाडूंच्या रांगेत बसली होती. ती उठली नाही, मान खाली घालून बसून राहिली. आणखी दोन-तीन बाप उठले. नंदूभाऊ हात जोडून इकडून तिकडे फिरायला लागले. मला खरं सांगायचं तर वाईट वाटायच्या आधी राग आला. मीही शेतकऱ्याच्याच घरची आहे. मला माती कळत नाही असं कुणी म्हटलं की माझं डोकं सटकतं.

बरण्या बाजूला सारल्या आणि मी थेट त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"काका, मोठा पाऊस झाला की विहिरीखालच्या वावरात पाय कधी ठेवता?"

"वापसा आल्यावर," ते म्हणाले.

वापसा म्हणजे पावसानंतर ओल कमी होऊन जमीन पुन्हा पाय आणि औत घालण्याजोगी होणं. हे शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही.

"त्याच्या आधी बैल घालता?"

"येडे हाओ का आमी? बैलाचा पाय जाईन."

"मॅच वापशासाठी थांबत नाही, काका. पावसातच खेळावं लागतं. तिथं बैल घालत नाही तुम्ही. इथं पोरगी घालायची?"

वासुदेवरावांनी रुपालीकडे पाहिलं, मग मैदानाकडे. पायातली चप्पल काढून ते आत गेले आणि ओल्या भागात चार पावलं चालले. तळव्याला चिकटलेली माती त्यांनी बोटानं काढली, चुरून बघितली आणि परत येऊन खुर्चीवर बसले. बॅगेचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

"मंग पायजे काय तुमाले?" त्यांनी विचारलं.

"खालच्या थराला मुरूम."

एकजण हसला. मुरूम रस्त्यावर टाकतात, तो कुणी अभिमानानं आणून देत नाही. तेवढ्यात मागून एक बाई उठल्या. सुनंदाताई, गोलकीपर करुणाची आई. मोझरीजवळच्या खेड्यात अंगणवाडी सेविका. माती द्यायच्या दिवशी त्या नुसता नारळ घेऊन आल्या होत्या, हे मला नंतर कळलं.

"मुरूम आमच्याकडं हाय," त्या म्हणाल्या. "बरड जमीन हाय आमची. दुसरं काहीच नाही तिच्यात. चालत असन तं न्या."

मी दुसऱ्याच दिवशी जाऊन पाहिला. पिवळट, खडेदार, मुठीत दाबला की बसणारा. असा मुरूम मी शोधत फिरते. तहसीलची परवानगी काढून आम्ही तोच उचलला.

प्रश्न राहिला काढलेल्या काळ्या मातीचा. परत न्यायला कुणी तयार होईना, कारण दिलेलं दान घरी कोण आणतं? आणि कुठंतरी खड्ड्यात ढकलायला माझ्याच जिवावर आलं. मी वासुदेवरावांना म्हटलं, करुणाच्या वावरात टाकू. मुरूम काढून तिथं खोलगट झालंच आहे.

ते लगेच हो म्हणाले नाहीत. त्यांच्या मनात काय होतं ते मला दिसत होतं. बापजाद्यांची माती दुसऱ्याच्या वावरात जाणार, आणि तीही गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या. असं तोंडावर कुणी म्हणत नाही, पण मनात असतं. आठवडाभरानं त्यांचाच फोन आला, "पायले वावर दाखवा."

आम्ही गेलो. सुनंदाताईंनी पाणी दिलं. वासुदेवरावांनी ते घेतलं आणि प्यायलं. वावरात फिरून उतार बघितला, आणि लागले बोलायला.

"ताई, नुसती माती पसरू नका. खालच्या अंगाले बांध घाला. नाई तं पयल्याच पान्यात माही माती तुमच्या नाल्यात."

"मानसं भेटत नाही बांधाले," त्या म्हणाल्या.

"मी धाडतो," ते म्हणाले, आणि खरोखर धाडली.

मग माझं काम. मुरूम, त्यावर खडी आणि भोकं पाडलेले पाइप, त्यावर वाळूचा थर, त्यात थोडी माती आणि खत. पावसाळ्याच्या तोंडाला गवताच्या काड्या लावल्या. पोरींना मैदानावर पाय ठेवायला बंदी केली, तर रोज कुणीतरी कुंपणाशी येऊन विचारायची, "मॅडम, आज?" मी नाही म्हणून म्हणून थकले.

लीगचा माणूस तपासणीला आला. हिंदी बोलणारा, तोंडावर एक रेघ हलत नव्हती. मी माझं कडं ठोकलं, पाणी ओतलं. तो चष्मा पुसेपर्यंत पाणी गायब. त्यानं पुन्हा ओतायला लावलं, पुन्हा गायब. मैदान पास केलं आणि ड्रेसिंग रूमला आरसा नाही म्हणून शेरा मारला. नंदूभाऊंनी संध्याकाळी लग्नघरातला असावा तेवढा मोठा आरसा आणून लावला.

पहिला होम सामना परतीच्या पावसात आला. अकोल्याहून गाड्या भरून माणसं आली, खेड्यापाड्यांतून आली. पहिल्या हाफला आकाश भरून आलं आणि मध्यंतरात असा पाऊस कोसळला की समोरचा गोलपोस्ट दिसेना. बाकीचे पोरींकडे बघत होते, मी मैदानाच्या मध्यावर कुठं तळं साचतंय का ते बघत होते.

पाऊस थांबला. रेफ्रीनं मधोमध जाऊन बॉल सोडला. तो उसळला, गुडघ्याच्या वर. सामना पुढे सुरू झाला.

आम्ही एका गोलनं हरलो. रुपालीचा एक फटका बारला लागून बाहेर गेला आणि सगळं मैदान एकदम 'अरारा' म्हणालं. आपल्या टीमसाठी एवढी माणसं हळहळताना त्या पोरींनी पहिल्यांदा ऐकलं. मला रडू आलं, ते आलं. लपवायचं काय त्यात.

या कामातून मी एक शिकले. कुणाच्या वस्तूला खराब म्हणायच्या आधी ती त्याच्या घरात काय करते ते विचारावं. हे कुठल्या कोर्सला शिकवत नाहीत, आणि माझा स्वभाव बघता मी ते पुढच्या कामावर विसरणार.

सामन्यानंतर वासुदेवराव मला शोधत आले. पोरगी कशी खेळली याबद्दल एक शब्द नाही. म्हणाले, "मॅडम, तो मुरूम अजून दोन टिपर भेटन का?"

"कशाला?"

"घरी. अंगनात टाकाले. दिवाळीले रुपाली येते."

"काका, मुरमात काही उगवत नाही बरं."

"उगवाले वावर हाय ना," ते म्हणाले. "अंगनात पोरगी खेळन."