गाझियाबादची वस्तूंची खोली

गाझियाबाद मला पहिल्यांदा दिसलं ते एका सायलेन्सरच्या वरून.

माझी भाची मुग्धा तिथल्या एका नव्या सोसायटीत राहते. तिने पुण्याहून येणाऱ्या आत्यासाठी फोनवरूनच टॅक्सी ठरवली होती. अनोळखी प्रवाशांनी मिळून वापरायची टॅक्सी. "धूर कमी होतो, आत्या." गाझियाबाद पूर्वेला, पण नवी दिल्ली स्टेशनवरून आमची गाडी आधी पश्चिमेला करोल बागेत गेली. तिथे एक सरदारजी मोटारीचा लांबलचक सायलेन्सर घेऊन चढले आणि त्याचं एक टोक त्यांनी निःसंकोच माझ्या मांडीवर टेकवलं.

"शेअरिंगवाली गाड़ी है ना जी," ते हसून म्हणाले.

या फेरीत धूर कितीसा कमी झाला, हे मी मुग्धाला विचारलं नाही.

चौदाव्या मजल्यावरून सगळीकडे अर्धेमुर्धे टॉवर दिसत होते. मधल्या एका तुकड्यात अजून मोहरी फुललेली होती आणि आलिशान फ्लॅटच्या जाहिरातीच्या फलकाला कुणीतरी म्हैस बांधली होती.

मला बोलावण्यामागे मुग्धाचा हेतू होता. सोसायटीच्या तळमजल्यावर तिने दोन वर्षांपूर्वी वस्तूंची खोली सुरू केली होती. शिडी, ड्रिल, पाहुण्यांसाठी गाद्या, घडीच्या खुर्च्या, मोठी देग (खोल पातेलं): जे रोज लागत नाही, ते प्रत्येकाने कशाला विकत घ्यायचं? मी आयुष्यभर ग्रंथपाल होते. या वस्तूंना शिस्त लावणं माझं काम.

"आणि यार आत्या, रविवारी मीटिंग आहे," ती म्हणाली. "अध्यक्ष मल्होत्रांना ही खोली जिमसाठी हवी आहे. लोक त्यांचंच ऐकतात." तिचा आवाज बारीक झाला होता. ऑफिसमधून आल्यावर तीच त्या गाद्या उन्हात टाकायची, हे मला तेव्हा कळलं.

मी प्रत्येक वस्तूला कार्ड केलं. दोन दिवसांत दोन गोष्टी लक्षात आल्या. एक, ड्रिल कुणीच विकत घेतलं नव्हतं. पण ते फुकट मिळतं म्हणून घरोघर भिंतींना भोकं पडली होती आणि त्या भोकांसाठी नवी फडताळं आली होती. हे मी मुग्धाला हळूच सांगितलं. ती जरा रागावली, मग हसली.

दुसरी गोष्ट अशी की वीस खुर्च्या, दोन सतरंज्या आणि देग दिवाळीपासून एकाच घरात होत्या. मल्होत्रांच्या.

रविवारी सकाळी, मीटिंगच्या तासभर आधी, मी त्यांच्याकडे गेले. संध्याकाळी त्यांच्या घरी माता की चौकी (देवीची भजनं) होती. मिसेस मल्होत्रांनी मला काळ्या गाजराची कांजी दिली. आंबट, मोहरीने नाकात झणझणणारी. साहेब पेपर वाचत बसले होते.

मी माझ्या पुणेरी हिंदीत म्हटलं, "भाईसाहब, जरा उठेंगे? वह कुर्सी वापस लेनी है."

ते उठले. खुर्चीच्या पाठीवर मुग्धाने रंगवलेला खोलीचा आकडा मी त्यांना दाखवला. मग सतरंजी. मग देग. तिच्यात संध्याकाळच्या प्रसादाचे काळे चणे भिजत होते.

"ये सब हमारा नहीं है?" त्यांनी बायकोला विचारलं.

"आपने कभी पूछा ही नहीं," त्या शांतपणे म्हणाल्या, आणि माझा पेला पुन्हा भरला.

मी चणे ओतायला परात मागितली. मल्होत्रांनी एक चणा बोटांत दाबून पाहिला. मग म्हणाले, "बहनजी, शाम तक रहने दीजिए." मी राहू दिलं. देवीच्या कार्यात विघ्न आणण्याइतकी मी कडक ग्रंथपाल कधीच नव्हते.

मीटिंगमध्ये त्यांनी खोलीचा विषय स्वतःच मागे घेतला. मात्र जिमचा हट्ट सोडला नाही. ज्या घरात पळायच्या यंत्रावर कपडे वाळत असतील, त्यांनी ते खोलीत आणून ठेवावं, सगळे वापरतील, असं ते म्हणाले. संध्याकाळपर्यंत सात यंत्रं आली आणि शिडी दाराबाहेर गेली. मुग्धाने कपाळाला हात लावला. रात्री मात्र ती प्रसादाचे चणे दोनदा मागून जेवली.

पुण्याला परतल्यावर चार दिवसांनी मी समोरच्या केळकरबाईंची बेल दाबली. अकरा वर्षांत आमचं बोलणं कचरा आणि पाणी यांपलीकडे गेलं नव्हतं.

"काही हवंय का?" त्यांनी दार अर्धवट उघडून विचारलं.

"नाही. तुम्हाला काही हवंय का, ते विचारायला आले."

त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. मग म्हणाल्या, "शिलाई मशीन आहे?"

होतं. लग्नात मिळालेलं, कधीच न वापरलेलं. आम्ही दोघींनी ते ढकलत त्यांच्या घरात नेलं. तेव्हापासून रोज दुपारी, नेमकी मी आडवी झाले की ते खडखडायला लागतं. मी अजून त्यांना काही बोललेले नाही. काल त्यांनी मला एक उशीचा अभ्रा शिवून दिला.